घरट्यातून पडलेली पिले आणि आपली जीवदया

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत वस्तू व सेवा कर, बाजार समितीचे नियम, मालाची आवक-जावक अशा विषयांवरील लेख वाचण्याची सभासद बंधूंस सवय आहे. त्यांच्या पंगतीत पाखरांची पिले बसविलेली पाहून कोणी नवल करील. परंतु धान्याची वखार आणि पाखरे यांचे नाते फार जुने आहे. जेथे पोती उतरतात तेथे दाणे सांडतात आणि जेथे दाणे सांडतात तेथे चिमण्या, पारवे व होले येतात. ती आली की वखारीच्या तुळयांवर, कौलांखाली, शटरच्या पेटीत घरटी होतात. आणि घरटी झाली की वर्षातून दोन-चार वेळा तरी एखादे उघडे पिलू खाली पडलेले आढळते. अशा वेळी नेमके काय करावे, हे आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असते. आम्हांसही ते पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हते. न जाणता केलेल्या दयेने काही जीव आमच्या हातून गेले, म्हणूनच हा लेख लिहिण्याचे योजिले आहे.

१९८६ सालच्या मृगातील प्रसंग आहे. बेळगावच्या रविवार पेठेतील आमच्या दुकानामागील वखारीत चिमणीचे एक पिलू तुळईवरून खाली पडले. अंगावर एक पीस नव्हते, डोळे मिटलेले होते. रिकाम्या बारदानाच्या ढिगावर पडल्यामुळे त्यास मार लागला नव्हता. आमच्या मातुःश्रींनी ते उचलून घरात आणले. गाईचे दूध कोमट करून कापसाच्या वातीने थेंब थेंब त्याच्या चोचीत सोडले. दूध घेत नाही असे दिसल्यावर ज्वारीच्या कण्या भिजवून भरविल्या. रात्री पितळी ताटलीत कापूस पसरून त्यास देव्हाऱ्याजवळ ठेवले. पहाटे पाहतो तो पिलू गार पडलेले. मातुःश्रींनी णमोकार मंत्र म्हटला आणि त्या दिवशी एकाशन केले.

सकाळी आमच्याकडील वृद्ध हमालास ही हकीकत कळली. तो म्हणाला, "अण्णा, दूध कशाला पाजलासा? चिमणी काय म्हैस हाय? शिडी लावून वर ठेवला असतासा, तर त्याच्या आईनं बघितलं असतं." त्या वेळी त्याच्या बोलण्याचा आम्हांस थोडा राग आला. पुढे वाचन केले, पाखरांची शुश्रूषा करणाऱ्या जाणत्या मंडळींस विचारले, तेव्हा कळले की त्या निरक्षर माणसाने दोन वाक्यांत सारे शास्त्र सांगितले होते.

दया करावी हे आपल्या घरात कोणास शिकवावे लागत नाही. परंतु आपल्या धर्माने रत्नत्रयीत सम्यक् चारित्र्याच्या आधी सम्यक् ज्ञान सांगितले आहे. श्वेतांबर आगमांतील दशवैकालिक सूत्रातही दयेच्या आधी ज्ञानास स्थान दिलेले आहे. हा क्रम किती विचाराने लावला आहे, हे एका चिमणीच्या पिलाने आम्हांस दाखविले. त्या एका रात्रीत आमच्याकडून चार चुका झाल्या होत्या. त्या चारही येथे क्रमाने सांगतो.

पहिली चूक : पिलू घरट्यापासून दूर नेले

पाखरांची पिले मुख्यतः दोन प्रकारची असतात. टिटवी, मोर, तित्तिर, बदक यांची पिले अंड्यातून निघतात तीच अंगावर लव घेऊन आणि डोळे उघडे ठेवून. काही तासांत ती चालू लागतात आणि स्वतः टिपून खातात. शेतात टिटवीचे असे पिलू दिसल्यास त्यास हात न लावता आपण दूर व्हावे; त्याची आई जवळच ओरडत असते. चिमणी, होला, पारवा, साळुंकी, बुलबुल व पोपट यांची पिले मात्र आंधळी आणि परावलंबी जन्मतात. ती सर्वस्वी आईबापांवर अवलंबून असतात.

चिमणी बहुधा तीन ते पाच अंडी घालते. सुमारे बारा दिवसांत पिले निघतात आणि आणखी पंधरा दिवसांच्या आसपास घरट्याबाहेर पडतात. जन्मतेवेळी अवघे दोन-तीन ग्रॅम वजनाचे पिलू या पंधरवड्यात आठ-दहा पट वाढते. या काळात नर व मादी दोघेही अन्न आणतात. तासाभरात त्यांच्या दहा-पंधरा खेपा सहज होतात. दुकान सांभाळून एवढ्या खेपा आपण करू शकत नाही. म्हणून उघडे पिलू पडलेले दिसताच पहिले काम म्हणजे शिडी आणून ते घरट्यात परत ठेवणे.

येथे एक जुना समज आड येतो. माणसाचा हात लागला की आई पिलास टाकते किंवा टोचून मारते, असे आपल्या घराघरांत सांगतात. हा समज खरा नाही. हाताच्या वासामुळे पाखरे पिलास टाकीत नाहीत. घरट्यात चोच उघडून ओरडणारे पिलू दिसले की ती भरवू लागतात. आपण मात्र पिलू ठेवून तेथेच उभे राहू नये. माणूस जवळ असेपर्यंत ती घरट्याशी येत नाहीत.

घरटे मोडून गेले असल्यास लहान परडी किंवा टोपली घ्यावी. तिच्या तळास पाणी निथळण्यापुरती भोके असावीत. आत वाळलेले गवत घालून ती मूळ जागेच्या शक्य तितक्या जवळ, ऊन-पाऊस लागणार नाही व मांजर पोहोचणार नाही अशा ठिकाणी घट्ट बांधावी. मग दुरून तास-दोन तास पाहावे. बहुतेक वेळा आईबाप आवाजाच्या अनुरोधाने येतात.

अंगावर पुरी पिसे आलेले, शेपूट आखूड असलेले आणि जमिनीवर टुणटुण उड्या मारणारे पिलू पडलेले नसते. ते उडावयास शिकत असते. आईबाप त्यास आणखी काही दिवस जमिनीवरच भरवितात. त्यास फार तर जवळच्या झुडपावर ठेवावे आणि मांजर-कुत्र्यास दूर राखावे. अशी धडधाकट पिले दयाळू लोक उचलून घरी नेतात आणि त्यांची आई मागे शोधीत राहते.

याच संदर्भात अंड्यातून निघणाऱ्या पिलाविषयी सांगणे अवश्य आहे. पोती हलविताना एखादे वेळी तडा गेलेले आणि आतून हालचाल होणारे अंडे दृष्टीस पडते. कवच सोलून पिलास मोकळे करावे असा मोह होतो, तो आवरावा. चोचीच्या टोकावरील लहानशा कठीण कंगोऱ्याने पिलू आतून कवच फोडीत असते. हे काम कित्येक तास, काही जातींत दिवसभरही चालते. त्या अवधीत अंड्याच्या आतील पडद्यातले रक्त पिलाच्या अंगात परतत असते आणि उरलेला बलक त्याच्या पोटात ओढला जात असतो. आपण घाईने कवच काढले तर रक्तस्राव होऊन पिलू दगावते. तेथून दूर होणे हीच त्या वेळची मदत होय.

दुसरी चूक : उबेच्या आधी अन्न दिले

पाखरांच्या शरीराची उष्णता साधारणपणे ४० ते ४२ अंश सेल्सिअस असते. माणसाची ३७ अंशांच्या आसपास. म्हणून पिलू आपल्या तळहातास गार लागले तर ते फारच थंड पडले आहे असे समजावे. पीस नसलेल्या पिलास स्वतःची उष्णता राखता येत नाही. ती आईच्या पोटाखालून मिळते. गारठलेल्या पिलाच्या गळ्याखालील अन्नाची पिशवी काम करीत नाही. तिच्यात घातलेले अन्न तेथेच राहून आंबते. आम्ही त्या पिलास पितळी ताटलीत ठेवले होते. धातू अंगातील उष्णता ओढून घेतो हेही आमच्या ध्यानात आले नाही.

म्हणून नियम असा की आधी ऊब आणि मागाहून अन्न. पुठ्ठ्याची लहान पेटी घ्यावी, झाकणास भोके पाडावीत. आत जुने मऊ मलमल किंवा कागदी रुमाल वाटीसारखा गुंडाळून त्यात पिलू ठेवावे. सुटा कापूस घालू नये. त्याचे तंतू पायांस व नखांस गुंडाळतात. सहन होईल इतक्या गरम पाण्याची बाटली कापडात लपेटून पेटीच्या एकाच बाजूस ठेवावी. पाणी निवताच ते बदलावे, कारण थंड झालेली बाटली उलट ऊब काढून घेते. उघड्या पिलाभोवती सुमारे ३५ अंश व पिसे फुटू लागलेल्या पिलाभोवती ३० अंशांच्या आसपास उष्णता असावी. पिलू चोच वासून धापा टाकू लागले तर ऊब अधिक झाली असे समजून बाटली दूर सारावी. पेटी अंधाऱ्या व शांत जागी ठेवावी. लहान मुलांनी ती वरचेवर उघडून पाहू नये.

अशक्त पिलाचे पुष्कळसे दुखणे या ऊबेच्या अभावातच असते. एका घरट्यातील पिले सर्व एकाच वेळी निघत नाहीत. शेवटचे पिलू लहान राहते. आईबाप अन्न आणतात तेव्हा जे पिलू मान उंच करून चोच मोठी वासते त्याच्या चोचीत घास जातो. गारठलेल्या पिलास मान उचलता येत नाही. मान उचलत नाही म्हणून घास मिळत नाही. घास मिळत नाही म्हणून ते अधिक गारठते. व्यापारात एकदा खेळते भांडवल आटले की चांगला दुकानदारही जसा खाली खाली जातो, तसाच हा फेरा आहे. खाली पडलेल्या अशा पिलास अर्धा-पाऊण तास ऊब देऊन, ते मान उचलू लागल्यावर घरट्यात परत ठेवले, तर पुष्कळदा एवढ्यानेच ते सावरते. त्यास आपण भरविण्याची गरजच पडत नाही.

तिसरी चूक : दूध व पाणी पाजले

पाखरे सस्तन प्राणी नव्हेत. दुधातील साखर पचविण्याची शक्ती त्यांच्या पोटात नसते. दुधाने पिलास हगवण लागते आणि अंगातील पाणी कमी होऊन ते जाते. चोचीत थेंब सोडणे तर याहून घातक आहे. पाखराच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच उघडते. वरून सोडलेला थेंब अन्नमार्गाऐवजी तिच्यात उतरला की फुप्फुसात जातो. घरट्यातील चिमणीच्या पिलास कोणी वेगळे पाणी पाजीत नाही. त्यास लागणारा ओलावा अन्नातूनच मिळतो. तेव्हा वात, चमचा, ड्रॉपर यांपैकी काहीही घेऊन पिलाच्या चोचीत दूध अथवा पाणी सोडू नये, हे घरातील सर्वांस बजावून ठेवावे.

चौथी चूक : धान्य भरविले

धान्याच्या व्यापाऱ्यास ही चूक मान्य करणे सर्वांत जड जाते. चिमणी दाणे टिपते हे आपण रोज पाहतो. म्हणून तिच्या पिलासही दाणेच चालत असतील असे आपण धरून चालतो. परंतु चिमणी आपल्या पिलास पहिले अनेक दिवस मुख्यतः अळ्या, मावा व लहान कीटक भरविते. याचे कारण हिशेबात सांगता येते. ज्वारीत प्रथिनांचे प्रमाण शेकडा दहाच्या आसपास असते आणि त्यातही शरीराच्या वाढीस लागणारा लायसीन हा घटक फार थोडा असतो. वाळलेल्या कीटकांच्या वजनात प्रथिने निम्म्याहून अधिक भरतात. पंधरा दिवसांत आठ-दहा पट वाढणारे शरीर कण्यांवर उभे राहू शकत नाही. इंग्लंडातील लेस्टर शहरात चिमण्यांच्या घरट्यांचा अभ्यास होऊन तो २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्या पिलांच्या आहारात वनस्पतिजन्य अन्नाचे प्रमाण अधिक होते ती घरट्यातच दगावण्याचा संभव अधिक असल्याचे त्यात दिसून आले. आम्ही जन्मभर पाखरांपुढे दाणे टाकीत आलो आणि त्यास पुण्य समजत आलो. ते व्यर्थ आहे असे आम्ही म्हणत नाही; परंतु त्या दाण्यांनी चिमणी जगते, तिचे पिलू जगत नाही, हे जाणून असावे.

होला व पारवा यांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या घरट्यात बहुधा दोनच अंडी असतात. पिले निघाल्यावर नर व मादी या दोघांच्याही गळ्याखालील पिशवीच्या अस्तरातून दाट पांढरा रस तयार होतो. त्यास कबुतराचे दूध म्हणतात. गाईच्या दुधाशी त्याचा नावापुरताच संबंध आहे. त्यात प्रथिने व स्निग्धांश भरपूर असून दुधातील साखर नसते. काही दिवसांनी त्यातच भिजलेले दाणे मिसळू लागतात. म्हणजे होल्याचे थोडे वाढलेले पिलू धान्यावर तग धरू शकते. मात्र ते चिमणीसारखी चोच वासत नाही. आईच्या घशात स्वतःची चोच खुपसून खाते.

२०१९ सालच्या ऑगस्ट महिन्यात बेळगाव जिल्ह्यात अतिवृष्टी व पूर यांनी हाहाकार केला, तेव्हा आमच्या वखारीच्या पडवीतील होल्याचे घरटे वाहून गेले. घरटे म्हणजे दहा-वीस काटक्यांची विरळ जाळीच असते. दोन पिलांपैकी एक मेले होते. दुसऱ्याच्या अंगावर पिसांचे कोंब फुटलेले होते, पण ते भिजून गारठले होते. या वेळी आम्ही घाई केली नाही. प्रथम त्यास हलक्या हाताने टिपून, पेटीत ठेवून दोन तास ऊब दिली. मग हरभऱ्याची डाळ व ज्वारी यांचे बारीक पीठ शिजवून केलेली कोमट पेज लहान प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली, तिच्या कोपऱ्यास चोच शिरेल एवढे भोक पाडले आणि पिलाची चोच त्यात धरली. ते आपणहून खाऊ लागले. गळ्याखालील पिशवी अर्धी भरून मऊ लागताच थांबलो. रात्री काही भरविले नाही. होलेही रात्री भरवीत नाहीत. सकाळी पाऊस थांबताच परडीत गवत घालून ती त्याच तुळईस बांधली. सारे दुकान दहा वाजेपर्यंत त्या पडवीकडे पाहत होते. शेवटी एक होला आला, परडीच्या काठावर बसला, आणि पिलाने त्याच्या चोचीत चोच घातली. पुढे आठ-नऊ दिवसांनी ते पिलू उडून गेले. १९८६ सालच्या त्या हमालाची आम्हांस फार आठवण झाली.

कीटकांचा प्रश्न

आता जो प्रश्न प्रत्येक जैन घरात उभा राहील त्याकडे वळतो. चिमणीच्या पिलास कीटक लागतात आणि त्याचे आईबाप सापडत नाहीत. तेव्हा एक जीव वाचविण्यासाठी दुसरे जीव आपल्या हाताने मारावयाचे काय?

२०१६ साली आमच्या शेजारच्या गल्लीतील जुना वाडा पाडला गेला. त्याच्या मातीत सापडलेले चिमणीचे उघडे पिलू आमची नात रुमालात घेऊन आली. "आजोबा, हिला काय खायला द्यायचं?" हा तिचा पहिला प्रश्न. टोपली शेजारच्या भिंतीवर ठेवून दोन तास पाहिले; चिमण्या फिरकल्या नाहीत. ऊब दिली. फुटाण्याच्या डाळीचे सातू भिजवून, गोळीएवढा घास बोथट काडीच्या टोकाने दर अर्ध्या तासाने दिला. परंतु एवढ्यावर फार तर काही तास निभावतात, हे आम्हांस ठाऊक होते. संध्याकाळी आमच्या चिरंजीवांच्या परिचयाचा, पाखरांची शुश्रूषा करणारा एक तरुण आला. त्याने स्पष्ट सांगितले, "हिला अळ्या लागतील. तुम्हांला जमणार नाही, मी नेतो." घरात कोणी बोलले नाही. पिलू त्याच्या हाती दिले. बारा दिवसांनी ते उडाल्याचा निरोप आला. नात आनंदली, परंतु तिने विचारले, "मग आपणच का नाही वाढवलं?"

त्या प्रश्नाचे पुरे उत्तर आम्हांस देता आले नाही. हिंसा आमच्या हातून झाली नाही, हे खरे. परंतु आपल्या शास्त्राने कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन भेद सांगितले आहेत. पिलू सोपविताना पुढे काय होणार हे आम्ही जाणत होतो. दिल्लीत लाल किल्ल्यासमोर दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पाखरांचे धर्मार्थ रुग्णालय आहे. तेथे मांसाहारी पाखरांवरही उपचार होतात. परंतु शाकाहारी पाखरांप्रमाणे त्यांस आत ठेवून घेतले जात नाही. एवढ्या जुन्या संस्थेसही या प्रश्नास तोंड द्यावे लागले आहे, हे पाहून आम्हांस थोडे समाधान वाटले.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावीशी वाटते. आमच्या घरात धान्य पाखडताना निघणारे सोंडे व अळ्या मारीत नाहीत; सुपात घेऊन परसातील सावलीच्या कोपऱ्यात सोडतात. याच कोपऱ्यावर चिमण्या टपलेल्या असतात, आणि तेथून उचललेली अळी थेट घरट्यात जाते, हे आम्ही कित्येकदा डोळ्यांनी पाहिले आहे. सृष्टीचा हा क्रम आपण घडविलेला नाही आणि तो आपणास मोडताही येत नाही. म्हणूनच आम्हांस वाटते की पिलू घरट्यात परत ठेवणे हा केवळ सोयीचा नव्हे, तर आपल्या धर्मास धरून असलेला मार्ग आहे. पिलाचे पोषण त्याच्या आईच्या हाती राहते, आणि वर सांगितलेला पेच आपल्यापुढे उभा राहत नाही. तो मार्ग बंद झाला असेल तेव्हा मात्र आपल्या नियमासाठी पिलास सातूवर उपाशी मारू नये. ऊब द्यावी आणि विनाविलंब वन खाते, पशुवैद्य किंवा जाणत्या पक्षिमित्राकडे पोहोचवावे. आपल्या मनाची टोचणी आपण सोसावी. तिची किंमत पिलास द्यावयास लावू नये.

पोपटासारख्या रानपाखरांचे पिलू जगले तरी त्यास पिंजऱ्यात पाळता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशी पाखरे पकडणे, विकणे व बाळगणे यांस मनाई केली आहे. पिलास हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. पारव्यांची विष्ठा कोरडी झाडू नये. तिची धूळ फुप्फुसास बाधते. पाणी शिंपडून व नाकातोंडास फडके बांधून ती काढावी.

आपल्या वखारींत काय करता येईल

पडलेले पिलू वाचविण्यापेक्षा ते पडू न देणे बरे. या बाबतीत आमचा सर्वांत मोठा दोष आमच्याच वखारीतला आहे. २०११ साली मालास कीड लागली म्हणून दारे-खिडक्या बंद करून अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांची धुरी दिली. मुदत संपल्यावर वखार उघडली, तेव्हा तुळईवरच्या घरट्यात चार पिले मरून पडली होती. आम्ही वर पाहिलेच नव्हते. तेव्हापासून पुढील गोष्टी आमच्याकडे नियमाने पाळल्या जातात.

धुरी देण्यापूर्वी शिडी लावून प्रत्येक तुळई व फट पाहावी. घरट्यात अंडी-पिले असल्यास ती उडेपर्यंत धुरी पुढे ढकलावी, अथवा तो माल दुसऱ्या जागी हलवून तेथे द्यावी. चिमणीच्या बाबतीत हा प्रश्न जेमतेम तीन-चार आठवड्यांचा असतो. घरटी नकोत अशा जागांच्या फटी घरटे रिकामे असतानाच बुजवाव्यात. पावसाळ्यापूर्वी कौले-पत्रे परतण्याचे काम आपण एप्रिल-मे महिन्यांत काढतो, आणि पुष्कळ चिमण्यांची पिले तेव्हाच घरट्यात असतात. तेव्हा आधी पाहणी करावी. सुतळीचे व प्लॅस्टिकच्या पोत्यांचे सुटे धागे पाखरे घरट्यासाठी नेतात आणि त्यांत पिलांचे पाय अडकून गळतात. म्हणून असे धागे रोज गोळा करावेत. उंदरांसाठी मांडलेल्या चिकट पाट्या उघड्यावर ठेवू नयेत.

तापलेल्या पत्र्याखालची पिले उन्हाळ्यात उकाड्याने तळमळून घरट्याबाहेर पडतात. त्यांच्यासाठी सावलीच्या भिंतीवर, आठ-दहा फूट उंचीवर, सव्वा ते दीड इंच भोकाच्या लाकडी पेट्या लावाव्यात. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या प्रयत्नांतून २०१० सालापासून २० मार्च हा दिवस जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आपल्या मंडळाने प्रत्येक सभासदाच्या वखारीत एक पेटी लावण्याचा संकल्प करावा, अशी आमची सूचना आहे. वखारीच्या आवारात मेंदी, जास्वंद, तुळस अशी झाडे औषध न फवारता वाढू द्यावीत. आपण मूठभर दाणे अधिक टाकण्यापेक्षा झाडांची एक ओळ चिमणीच्या संसारास अधिक उपयोगी पडेल.

आमच्या वखारीच्या दारामागे आता एक शिडी कायमची उभी असते. तिच्याजवळच्या खुंटीस एक परडी आणि मऊ कापडाची घडी टांगलेली असते. नवा नोकर कामावर आला की मापाचे व काट्याचे नियम सांगताना त्यास हेही सांगितले जाते : पिलू पडले तर दूध आणावयास धावू नकोस, आधी शिडी लाव. मातुःश्री हयात असत्या तर त्यांसही हे पटले असते, असे आम्हांस वाटते.

जय जिनेंद्र.